दम

29 सप्टेंबर 2023. चीनमधल्या हांगझाऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होत्या. पन्नास मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात भारताच्या तिघा नेमबाजांनी 1769 गुणांचा विश्वविक्रम करत सांघिक सुवर्ण मिळवलं होतं. त्या तिघांतला एक होता स्वप्नील कुसाळे. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं कांबळवाडी, नोकरी मध्य रेल्वेत, सराव पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर. त्याच दिवशी वैयक्तिक अंतिम फेरीही होती.

या प्रकारात नेमबाज आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून गोळ्या झाडतो. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ असतं ते 10.4 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. अगदी मध्यबिंदूवर बसलेल्या गोळीला 10.9 गुण मिळतात. स्वप्नील बहुतेक वेळ आघाडीवर होता. उभ्यानं मारायच्या, अगदी शेवटाकडच्या गोळ्यांपैकी एक भरकटली. फलकावर आकडा उमटला 7.6. सुवर्णाच्या वाटेवरचा माणूस चौथा आला.

दहा महिन्यांनी, 1 ऑगस्ट 2024 रोजी, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो याच प्रकाराच्या अंतिम फेरीत उभा होता. गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा सहावा, झोपून मारायच्या संपल्या तेव्हा पाचवा. उरली होती ती उभ्याची पाळी, ज्या पाळीनं हांगझाऊत दगा दिला होता तीच. या वेळी तिनंच त्याला वर आणलं. 451.4 गुण आणि कांस्यपदक. महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक मिळालं ते 72 वर्षांनी.

दहा महिन्यांत कुणाचे डोळे नव्यानं तीक्ष्ण होत नाहीत, की पंधरा वर्षं घटवलेला हात नव्यानं घडत नाही. मग फरक कशात पडला? सामन्यानंतर स्वप्नीलनं जे सांगितलं त्याचा गोषवारा असा: पोटात कालवाकालव होत होती, कोऱ्या चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, छाती धडधडत होती, गुणफलकाकडे पाहायचं टाळलं आणि लक्ष ठेवलं ते श्वासावर.

भीती गेली होती, असं तो म्हणाला नाही. ती होतीच. हे प्रकरण त्या भीतीविषयी आहे आणि तिच्या सोबतीनं खेळत राहण्याविषयी आहे.

अवयवांचे वाक्प्रचार

घाबरण्यासाठी मराठीत काय काय म्हणतात ते एकदा मोजून पाहा. पोटात गोळा येतो. तोंडचं पाणी पळतं. घशाला कोरड पडते. पाय लटपटतात, हातपाय गळतात, छातीत धस्स होतं. भीतीचा उगम मनात असेल, पण ती दिसते शरीरात, हे आपल्या भाषेला फार आधीपासून ठाऊक आहे.

शरीरशास्त्र याच यादीला कारणं जोडतं. धोका जाणवला की मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात पळू लागतं. पचनसंस्थेचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून पोटात गोळा. लाळ आटते, म्हणून घशाला कोरड. स्नायू ताठरतात आणि बोटांना बारीक कंप सुटतो. वाघ मागे लागला असता तर ही सगळी तयारी कामाची होती. पण पुण्याच्या सणस मैदानावर शंभर मीटरच्या रेषेवर बसलेल्या मुलीला वाघापासून पळायचं नसतं, आणि बालेवाडीच्या रेंजवरच्या मुलाला तर हलायचंही नसतं.

या शरीराला आवरण्यासाठी मराठीनं एक छोटा शब्द ठेवला आहे: दम. दम म्हणजे श्वास, दम म्हणजे ताकद आणि दम म्हणजे धीरही. ‘दम धर’ म्हणजे घाई करू नकोस. ‘दम खा’ म्हणजे थोडा थांब. ‘दम लागला’ म्हणजे धाप लागली. ‘त्याच्यात दम आहे’ हे कौतुक, आणि ‘त्याला दम दिला’ ही धमकी. संस्कृतात शम-दम या जोडीतला दम म्हणजे इंद्रियांवरचा ताबा. कबड्डीत तर सगळा खेळच दमावर चालतो. चढाई करणाऱ्यानं प्रतिपक्षाच्या अंगणात शिरायचं ते दम घुमवत. सात जण अंगावर येत असताना दम तुटला की गडी बाद. घेरलेलं असतानाही श्वास आपल्याच ताब्यात ठेवायचा, ही मानसिक कणखरतेची व्याख्या आपल्या गावोगावच्या मैदानांनी कधीच करून ठेवली होती.

दम मोजायचा कसा?

विद्यापीठांत हा विषय आला तो बराच उशिरा. अमेरिकी क्रीडा मानसशास्त्रज्ञ जेम्स लोहर यांचं खेळाडूंच्या मानसिक कणखरतेवरचं पुस्तक 1986 मध्ये निघालं आणि हा शब्द प्रशिक्षकांच्या तोंडी बसला. शब्द रुळला, अर्थ मात्र ज्याचा त्याचा राहिला. कुणी त्याला जिद्द म्हणे, कुणी बेदरकारपणा, कुणी दुखणं सोसायची ताकद.

2002 मध्ये ब्रिटनमधल्या ग्रॅहॅम जोन्स, शेल्डन हॅन्टन आणि डेक्लन कॉनॉटन यांनी साधा मार्ग धरला. त्यांनी दहा आंतरराष्ट्रीय खेळाडूंनाच विचारलं, ‘कणखर म्हणजे नेमकं काय हो?’ उत्तरांतून बारा गुण निघाले. पहिल्या क्रमांकावर आला आपलं उद्दिष्ट आपण गाठू शकतो हा न ढळणारा विश्वास. त्याच्या पाठोपाठ होता अपयशानंतर अधिक निर्धारानं परत येण्याचा गुण. म्हणजे ज्यांना आपण अजिंक्य समजतो, त्यांच्या व्याख्येतही हरणं धरलेलंच होतं.

त्याच सुमारास पीटर क्लफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कणखरतेचे चार खांब मांडले: भावनांवर आणि परिस्थितीवर ताबा, हाती घेतलेल्याशी बांधिलकी, अडचणीकडे आव्हान म्हणून पाहणं आणि आत्मविश्वास. त्यावर 48 विधानांची प्रश्नावली बनली. अशा प्रश्नावल्या आज आपल्याकडच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयांतही वापरल्या जातात. आंतरविद्यापीठ खेळाडू आणि न खेळणारे विद्यार्थी यांना त्या भरायला द्यायच्या आणि सरासऱ्या ताडून पाहायच्या, ही अशा प्रबंधांची ठरलेली रीत. खेळाडूंचे गुण बहुधा जास्त भरतात आणि निष्कर्ष लिहिला जातो: खेळल्यानं मन कणखर होतं.

इथे जरा दम धरू या. समजा तुम्ही पहाटे पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून वर गेलात आणि तिथे जमलेल्यांचे गुडघे तपासले. बहुतेकांचे गुडघे ठणठणीत निघतील. त्यावरून ‘पर्वती चढल्यानं गुडघे ठणठणीत होतात’ असं लिहून टाकलंत, तर अर्धी गोष्ट हातातून निसटेल. ज्यांचे गुडघे दुखत होते ते चढलेच नाहीत. काही जण पंचविसाव्या पायरीवरून माघारी फिरले. तुमच्या वहीत त्यांची नोंदच नाही.

आंतरविद्यापीठ संघात पोचलेला विद्यार्थी हा पर्वतीच्या माथ्यावरचा माणूस आहे. खेळानं त्याला घडवलं हे खरं असेल. मुळात चिवट होता म्हणून तो टिकला, हेही खरं असेल. आणि त्याच्याइतकीच चिवट असलेली एखादी मुलगी मैदान लांब होतं, परतताना अंधार व्हायचा, बूट परवडत नव्हते म्हणून आठवीतच बाहेर पडली, हेही तितकंच शक्य आहे. एकाच दिवशी भरून घेतलेली प्रश्नावली या तीन शक्यता वेगळ्या काढू शकत नाही. त्यासाठी तीच मुलं वर्षानुवर्षं पाहावी लागतात आणि खेळ सोडून गेलेल्यांचा पत्ताही शोधावा लागतो. म्हणून ‘कोण किती कणखर’ याच्या आधी ‘कोण का गळालं’ हे विचारायला हवं.

दम लागतो तेव्हा

ऐन वेळी कच खाण्याचा अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी 1984 मध्ये केला. दडपण वाढलं की माणूस स्वतःच्या हालचालींवर पहारा ठेवू लागतो आणि सरावानं अंगवळणी पडलेली क्रिया तिथेच अडखळते, असं त्यांनी दाखवलं. पुढे सायन बायलॉक यांनी गोल्फ खेळणाऱ्यांवर प्रयोग केले. कसलेल्या खेळाडूला फटक्याच्या प्रत्येक टप्प्याकडे लक्ष द्यायला लावलं की तो चुकू लागतो. नवख्याला मात्र तसं लक्ष दिल्यानं मदत होते. जिना उतरताना प्रत्येक पाय कसा पडतोय याचा विचार करून पाहा, मग हे पटेल.

तेव्हा मनाला ‘विचार करू नकोस’ म्हणून भागत नाही. त्याला दुसरीकडे बसायला जागा द्यावी लागते. ती जागा श्वास देतो, कारण आपोआप चालणाऱ्या शरीरव्यवहारांपैकी आपल्या हाती सहज लागणारा तो एक. हृदयाला सावकाश चाल म्हणून सांगता येत नाही, श्वासाला येतं. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना किंचित उतरते. म्हणून उच्छ्वास लांबवला की धडधड थोडी खाली येते. श्वास सोडल्यानंतर जो क्षणभराचा विसावा असतो, त्यातच चाप ओढायला नेमबाजाला शिकवतात.

पुण्यात या विद्येची शाळा जुनी आहे. 1937 मध्ये डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून अठरा-एकोणीस वर्षांचा एक कृश तरुण इथे योग शिकवायला आला. बोलावणं होतं सहा महिन्यांचं. लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षयानं त्याला पिळून काढलं होतं, आणि मराठीचा गंध नव्हता. बी. के. एस. अय्यंगार पुण्याचेच झाले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था 1975 पासून उभी आहे. राहुल द्रविड, अनिल कुंबळे, झहीर खान यांच्यासारखे क्रिकेटपटू त्यांच्याकडे आले. आजारी मुलानं स्वतःच्या फुप्फुसांची केलेली दुरुस्ती पुढे जगाच्या उपयोगी पडली.

खेळाच्या मैदानावर हे शास्त्र मराठीत आणलं ते नाशिकच्या भीष्मराज बाम यांनी. भारतीय पोलीस सेवेतला हा अधिकारी निवृत्तीनंतर खेळाडूंच्या मनाचा वस्ताद झाला. योगशास्त्रातली एकाग्रतेची आणि श्वासाची साधनं त्यांनी आधुनिक क्रीडा मानसशास्त्राशी जोडली. नेमबाज अंजली भागवत, गगन नारंग, बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर पुणेकर अभिजित कुंटे अशा अनेकांनी त्यांचा हात धरला. ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे त्यांचं पुस्तक आजही प्रशिक्षकांच्या कपाटात सापडतं. मे 2017 मध्ये नाशिकला व्याख्यान देत असतानाच ते कोसळले आणि गेले.

बाम यांच्यासारख्यांच्या कामामुळे पक्कं झालेलं एक सत्य असं की मनाची तयारी हीसुद्धा जोर-बैठकांसारखी रोज करायची गोष्ट आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री ती उसनी आणता येत नाही. कुठल्याही शाळकरी खेळाडूला आजपासून करता येतील अशा तीन गोष्टी सांगतो. पहिली, रोज दहा मिनिटं संथ श्वास, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. तोही धाप लागलेली असताना करून पाहायचा, कारण गरज तेव्हाच पडते. दुसरी, ठरलेला क्रम. सर्व्हिसपूर्वी चेंडू किती वेळा टप्पा खाणार, फ्री थ्रोआधी नजर कुठे जाणार, हे सरावात ठरवायचं आणि सामन्यात बदलायचं नाही. क्रम ओळखीचा असला की अनोळखी मैदानही थोडं घरचं वाटतं. तिसरी, जर-तरचं वाक्य. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 1999 मध्ये दाखवून दिलं की ‘मी चांगलं खेळेन’ अशा मोघम निश्चयापेक्षा ‘जर असं घडलं, तर मी हे करीन’ असा नेमका बेत जास्त अमलात येतो. ‘पंचांचा निर्णय विरुद्ध गेला, तर मी एक श्वास सोडून रॅकेटच्या तारा नीट करीन.’ इतकं साधं आणि इतकं ठरलेलं.

दम धरणं

आता त्या 72 वर्षांच्या पलीकडच्या टोकाकडे जाऊ. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते पहिल्यांदाच मॅटवर उतरले. सगळी हयात लाल मातीत गेलेली, नियमही परके, तरी सहावा क्रमांक. आपल्याकडे बहुधा इथे सत्कार होतात आणि गोष्ट संपते. खाशाबांनी मात्र पुढची चार वर्षं त्या सहाव्या क्रमांकाचा हिशेब मांडला.

1952 च्या हेलसिंकीसाठी त्यांची निवड सहज झाली नाही. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली आणि पुन्हा लढत जिंकून ती मिळवावी लागली. मग प्रश्न पैशांचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत दोन लढतींच्या मध्ये नियमाप्रमाणे मिळायला हवी ती विश्रांती त्यांना मिळाली नाही, आणि त्यांच्या बाजूनं भांडायला भारताचा अधिकारी तिथे हजर नव्हता. तरीही बँटमवेट गटात त्यांनी कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडा दिन आहे.

ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण नुसत्या जिद्दीनं हेलसिंकीचं तिकीट निघत नाही. खाशाबांनी दम धरला, कारण त्यांच्या मागे घर गहाण टाकणारा एक शिक्षक होता. कणखर मनाची मोजणी करणाऱ्या 48 विधानांत ‘माझ्या प्राचार्यांनी माझ्यासाठी काय केलं’ असा प्रश्न नसतो.

कॅनेडियन-अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये ‘मला हे जमेल’ या विश्वासाचे चार झरे सांगितले होते. सर्वांत जोरकस झरा म्हणजे स्वतः काही करून दाखवल्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणं. तिसरा, भरवशाच्या माणसाचे शब्द. चौथा, आपल्याच शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ: छातीतली धडधड ‘मी घाबरलोय’ म्हणून वाचायची की ‘मी तयार आहे’ म्हणून. मैदान हे चारही झरे एका जागी देतं. पहिल्यांदा सूर मारता येणं, शेजारच्या लेनमधली ताई राज्य स्पर्धेला जाणं, सरांनी पाठीवर थाप मारणं आणि स्टार्टच्या आधीची ती धडधड. खेळणं आणि कणखर होणं यांचं नातं असेल तर ते या रोजच्या थेंबाथेंबातलं आहे. म्हणूनच ते कमावण्यासाठी मैदानावर यावं लागतं आणि येत राहावं लागतं.

दम खाणं

पुण्यात हे येत राहणं नेमकं कुठे तुटतं, हे कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारा. उत्तर येईल, दहावी. नववीची परीक्षा संपते, क्लासची उन्हाळी बॅच सुरू होते आणि संध्याकाळच्या मैदानावरची रांग विरळ होते. ‘एक वर्ष खेळ बंद, मग आयुष्यभर खेळ’ हे वाक्य घराघरांत बोललं जातं. ते एक वर्ष संपतं तोवर अकरावीचा क्लास लागलेला असतो.

पालकांची काळजी खोटी नाही. एका पदकामागे हजारो मुलं असतात आणि प्रत्येकाला रेल्वेत नोकरी लागत नाही. सरकारनंही हे ओळखून दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत ठेवली आहे, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा फायदा अनेकांना झाला. पण या औषधाला एक साइड इफेक्टही आहे. 1973 मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना ‘चित्र काढलंस तर बक्षीस’ असं आधीच सांगितलं. पुढे बक्षीस नसताना हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. आवडीचं काम सौद्याचं झालं की सौदा संपताच कामही संपतं. प्रमाणपत्रासाठी खेळलेला खेळ प्रमाणपत्र मिळताच सुटतो, तो यामुळे.

खेळ आणि अभ्यास या एकमेकांच्या सवती आहेत, हे मात्र पुण्यानं तरी म्हणू नये. याच शहरात एस. पी. कॉलेजात दि. ब. देवधर नावाचे संस्कृतचे प्राध्यापक होते. 1926 मध्ये मुंबईत बलाढ्य एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी 148 धावा काढल्या. 1940-41 च्या रणजी हंगामात मुंबईविरुद्ध 246 काढल्या तेव्हा वय होतं 48, आणि त्या वर्षी महाराष्ट्राचा संघ त्यांच्याच नेतृत्वाखाली विजेता ठरला. हल्लीचं उदाहरण हवं असेल तर ऋतुजा भोसलेचं घ्या. टेनिस खेळत ती अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली. 2023 मध्ये, स्वप्नीलच्या त्या 7.6 नंतर दुसऱ्याच दिवशी, त्याच आशियाई स्पर्धेत तिनं रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पहिला सेट 2-6 असा गमावल्यानंतर.

अमेरिकेच्या विद्यापीठीय खेळांत एक नियम आहे: हंगामातही संघाचा सक्तीचा सराव आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त घ्यायचा नाही. त्यातून पळवाटा निघतात, तरीही विद्यार्थ्याला अभ्यासासाठी आणि विश्रांतीसाठी वेळ लागतो हे नियमानं मान्य केलेलं आहे. आपल्याकडचा खेळाडू विद्यार्थी पहाटे मैदान, मग शाळा, मग क्लास, मग पुन्हा मैदान असा पळतो आणि झोपेतून तास कापतो. स्नायू सरावात थकतात, पण बळकट होतात ते विश्रांतीत. मनाचंही तसंच आहे.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये सिमोन बाइल्स या अमेरिकी जिम्नॅस्टला हवेत आपलं शरीर कुठे आहे हेच कळेनासं झालं आणि तिनं बहुतेक अंतिम स्पर्धांतून माघार घेतली. बरेच जण तिला मनानं कच्ची म्हणाले. तिनं दम खाल्ला. 2024 मध्ये ती पॅरिसला आली आणि तीन सुवर्ण व एक रौप्य घेऊन गेली. तालमीतल्या वस्तादांना यात नवल वाटलं नसतं. दमलेल्या गड्याला पुन्हा हौद्यात उतरवायचं नसतं, हे त्यांच्या शास्त्रात होतंच.

दम देणं

राहिला तो शेवटचा अर्थ. कणखरतेच्या नावाखाली सर्वांत जास्त वापरला जातो तो हाच. हरलेल्या मुलाला सगळ्यांसमोर उठाबशा. कुंपणापलीकडून ओरडणारे वडील. ‘एवढं दुखलं म्हणून काय रडतोस?’ मुलींच्या बाबतीत पाळी अनियमित झाली तरी ‘सराव जोरात चालला आहे’ म्हणून सोडून देणं. पुरेसं न खाता कष्ट वाढवले की शरीर हाडांची आणि संप्रेरकांची देखभाल कमी करतं. ही आजाराची खूण आहे, तिचा मनाच्या दमाशी संबंध नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2019 मध्ये खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर तज्ज्ञांचं एकमतानं तयार केलेलं निवेदन काढलं, ते उगाच नाही. पदकविजेत्यांनाही नैराश्य येतं, झोप उडते, उपचार लागतात. मदत मागणारा खेळाडू कच्चा असतो, हा समज त्या निवेदनानं मोडीत काढला.

दम दिल्यानं मूल त्या दिवशी जोरात पळतंही. भीतीला तेवढी ताकद असते. पण त्यातून ते शिकतं ते लपवणं: दुखरा घोटा लपवणं, चूक लपवणं, आणि शेवटी खेळ नकोसा झालाय हे लपवणं. ‘पंचविसाव्या पायरीवरून माघारी फिरलेले’ म्हणतो ते पुष्कळदा हेच असतात.

तेव्हा या पुस्तकाच्या वाचकांत कुणी आई, बाबा, काका, मावशी किंवा क्रीडाशिक्षक असतील, तर त्यांच्यासाठी थोडं. सामना हरून आलेल्या मुलाला घरी पोचेपर्यंत काही विचारू नका. रिक्षात गप्प बसणं ही मोठी मदत असते. जेवण झाल्यावर ‘का हरलास’ ऐवजी ‘आज काय नवं जमलं’ असं विचारा. दहावीच्या वर्षी सराव कमी करा, आठवड्यातून तीन दिवसांवर आणा, पण शून्यावर आणू नका. दुखणं सांगितलं तर विश्वास ठेवा. आणि एखादी चांगली मुलगी मैदानावर यायची थांबली, तर तिच्या घरी एक फोन करा.

स्वप्नील कुसाळेला वडिलांनी राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं ते 2009 मध्ये, तो चौदा वर्षांचा असताना. ऑलिम्पिक पदक आलं 2024 मध्ये. मधे पंधरा वर्षं आहेत. त्यातलं फक्त एक दहावीचं होतं.